काश गवताची ओळख आणि त्याची वसतिस्थाने

सप्टेंबरच्या अखेरीस गंगेच्या मैदानातून आगगाडीने प्रवास करणाऱ्यास रुळांच्या दोन्ही बाजूंना एक पांढरेशुभ्र गवत वाऱ्यावर डोलताना दिसते. नदीच्या पात्रातील वाळूची बेटे, कालव्यांचे काठ, लोहमार्गाचे भराव आणि पडीक शेते यांवर ते इतके दाट पसरलेले असते, की लांबून पाहणाऱ्यास जमिनीवर धुके उतरल्याचा भास व्हावा. हे गवत म्हणजे काश. पावसाळा संपून शरद ऋतू लागल्याची ती खूण आहे, असे आपल्या देशात फार प्राचीन काळापासून मानले जाते. कालिदासाच्या ‘ऋतुसंहार’ काव्यात शरदाचे वर्णन येते, त्यातही काशाला मानाचे स्थान आहे. बंगालमध्ये तर काश फुलला म्हणजे दुर्गापूजा जवळ आली असे समजतात.

परंतु हेच गवत बुंदेलखंडातील शेतकऱ्याच्या दृष्टीस पडले, तर त्याच्या मनात उत्सवाचा विचार येत नाही. ज्या शेतात काश शिरला ते शेत हातचे गेले, अशी त्याच्या पूर्वजांची शिकवण आहे. एकाच वनस्पतीविषयी दोन प्रदेशांतील माणसांच्या भावना इतक्या भिन्न का असाव्यात, हे समजून घ्यायचे तर प्रथम ती वनस्पती नेमकी ओळखता आली पाहिजे आणि ती कोठे, कशी व का वाढते हे पाहिले पाहिजे.

नावे

काश हे मूळचे संस्कृत नाव. बंगालीत ते तसेच राहिले आहे. हिंदीत त्याचे ‘कांस’ झाले, ओडियात ‘काशतंडी’ आणि पंजाबीत ‘काही’. आसामात त्यास ‘कहुआ’ म्हणतात, तेलुगूत ‘रेल्लु’ आणि तमिळमध्ये ‘नाणल’. एखाद्या गवताला जवळजवळ प्रत्येक भाषेत स्वतंत्र नाव असावे, यावरून त्याचा आढळ किती व्यापक आहे आणि माणसांचे त्याच्याकडे किती लक्ष गेले आहे, हे दिसून येते. आयुर्वेदातील तृणपंचमूळ या पाच गवतांच्या मुळांच्या वर्गातही काशाचा समावेश होतो.

वनस्पतिशास्त्रात याचे नाव सॅकॅरम स्पॉन्टेनियम असे आहे. ते लिनीअस याने १७७१ मध्ये दिले. सॅकॅरम हे उसाच्या प्रजातीचे नाव होय आणि स्पॉन्टेनियम म्हणजे आपोआप उगवणारे. ‘आपोआप उगवणारा ऊस’ हा त्या नावाचा अर्थ लक्षात ठेवला, तर या गवताच्या स्वभावाची निम्मी ओळख तेथेच होते.

ओळखण्याच्या खुणा

गवते ओळखणे सामान्य माणसास अवघड वाटते, कारण त्यांना ठळक रंगाची फुले नसतात. परंतु मुळापासून शेंड्यापर्यंत क्रमाने पाहात गेल्यास काश ओळखण्यास फारसे कष्ट पडत नाहीत.

आरंभ जमिनीखालून करावा. काश बहुवर्षायू आहे. म्हणजे वरचा भाग वाळला, कापला किंवा जळाला तरी ते मरत नाही. जमिनीत आडवी वाढणारी, पेरे असलेली कठीण खोडे असतात, त्यांना मूलक्षोड म्हणतात. मूलक्षोडाच्या प्रत्येक पेराशी एक डोळा असतो आणि त्यातून नवे धुमारे फुटतात. एका ठिकाणी उगवलेले काशाचे बेट काही वर्षांत चारी दिशांना पसरते ते यामुळेच.

जमिनीवरील दांडा उसासारखाच कांड्याकांड्यांचा, पण बारीक असतो. त्याची जाडी बहुधा करंगळीहून अधिक नसते. पेरांजवळ पांढरट, मेणासारखा लेप आढळतो. उंची जागेप्रमाणे फार बदलते. कोरड्या, कठीण जमिनीत ते माणसाच्या कमरेइतकेच वाढते, तर नदीकाठच्या गाळात तीन-चार मीटरपर्यंत जाते. म्हणून केवळ उंचीवरून निर्णय करू नये.

पाने लांब, अरुंद आणि कडक असतात. त्यांची रुंदी पुष्कळदा एक सेंटिमीटरही भरत नाही, लांबी मात्र मीटरभर किंवा त्याहून जास्त असते. पानाची मधली शीर जाड व पांढरी असते. पानाचे पाते तळाकडे इतके निमुळते होत जाते, की तेथे जवळजवळ मधली शीरच तेवढी उरल्यासारखी दिसते. ही खूण महत्त्वाची आहे. पानाच्या कडा करवतीसारख्या धारदार असून निष्काळजीपणे हात फिरवल्यास बोट कापते. पानाचा दांड्यास वेढणारा भाग आणि पाते यांच्या सांध्यावर आतल्या बाजूस एक पातळ पापुद्रा असतो. त्यास जिव्हिका म्हणतात. काशाची जिव्हिका पडद्यासारखी व टोकाशी त्रिकोणी असते.

शेवटी तुरा. तो वीस ते साठ सेंटिमीटर लांब, सरळ उभा आणि रुपेरी पांढरा असतो. तुऱ्याच्या लगेच खालचा दांडा हाताने चाचपून पाहिल्यास रेशमासारखे मऊ केस लागतात. तुऱ्याच्या नाजूक शाखांवर कणिशके जोडीजोडीने असतात. त्यांपैकी एक देठाशिवाय थेट शाखेवर बसलेले, तर दुसरे लहानशा देठावर उभे. कणिशक स्वतः अगदी लहान, तीन-चार मिलिमीटरांचे असते. पण त्याच्या तळापासून निघणारे रेशमी केस त्याच्या दुप्पट-तिप्पट लांब असतात. तुऱ्याचा पांढरेपणा येतो तो या केसांमुळे. कणिशकावर कुसळ नसते. तुरा पक्व झाला की शाखा सांध्यासांध्यांवर तुटतात आणि प्रत्येक दाणा आपल्या केसांच्या साह्याने वाऱ्यावर उडून जातो.

सारखी दिसणारी गवते

काशाशी घोटाळा होऊ शकेल अशी चार-पाच गवते आपल्या देशात सर्वत्र आढळतात. त्यांच्यातील भेद ध्यानात ठेवणे इष्ट आहे.

पहिले मुंज किंवा सरकंडा. पंजाब, हरियाणा व राजस्थान येथील कोरड्या, रेताड जमिनीत ते विपुल आहे. ते काशाचेच जवळचे नातलग असले तरी अधिक उंच व दणकट असते आणि त्याचे मोठमोठे ठोंब असतात. काशासारखे ते जमिनीखालून दूरवर पसरत जात नाही. तुरा मोठा, आणि रंगाने शुभ्र नसून पिवळसर, करडा किंवा जांभळट असतो, कारण कणिशकावरील केस आखूड असतात. त्याच्या पानांच्या आवरणांपासून मुंजेचे दोर वळतात आणि दांड्यांपासून मोढे विणतात. (आपल्याकडील ‘मुंज’ या संस्काराचे नाव याच गवताच्या मेखलेवरून आले आहे. – अनु.)

दुसरे, बंगालीत ज्यास ‘उलु’ म्हणतात ते गवत. याचाही तुरा पांढरा व रेशमी, तेही मूलक्षोडांनी पसरणारे आणि तेही हट्टी तण. मात्र ते बहुधा मीटर-सव्वा मीटरपेक्षा उंच होत नाही आणि त्याचा तुरा शाखांचा, मोकळा नसून मांजराच्या शेपटीसारखा घट्ट व दंडगोल असतो. शिवाय त्याच्या जोडीतील दोन्ही कणिशकांना देठ असतात. तुऱ्याचा आकार पाहिला की हा प्रश्न तत्काळ सुटतो.

तिसरे नळ. याचे तुरे मोठे व पिसाऱ्यासारखे असतात. पण पाने काशाच्या मानाने रुंद, दांडे पोकळ आणि वस्ती बहुधा पाण्यातच किंवा दलदलीत असते. जिव्हिकेच्या जागी त्यास केवळ केसांची एक ओळ असते. नळ आणि काश एकाच तळ्याच्या काठी दिसले, तर पाण्यातला नळ आणि वरच्या कोरड्या काठावरचा काश, असा त्यांचा क्रम बहुधा आढळेल.

चौथे पाणकणीस. त्याची पाने दुरून गवतासारखी दिसतात, पण ते गवतांच्या कुलातील नव्हे. त्याचे तपकिरी, मखमली, दांड्यावर खोवल्यासारखे कणीस एकदा पाहिले की पुन्हा चूक होत नाही.

पाचवे बरू. ज्वारीचे हे रानटी नातलग शेताच्या कडेला वाढते व तेही मूलक्षोडांनी पसरते. परंतु त्याचा तुरा मोकळा, जांभळट असून त्यावर रेशमी केसांचा पुंजका नसतो. पानेही रुंद असतात.

ही चिकित्सा केवळ पुस्तकी नाही. मुंजेचा ठोंब कुदळीने खणून काढता येतो, नळ पाणी ओसरले की आपोआप हटतो. काशाला यांपैकी कोणताच उपाय पुरत नाही. तण ओळखण्यात चूक झाली तर उपायातही चूक होते आणि तिची किंमत शेतकऱ्यास काही हंगामांची पिके गमावून द्यावी लागते.

कोठे वाढते आणि का

काशाचे खरे माहेर म्हणजे नदीचे पात्र. गंगा, कोसी, ब्रह्मपुत्रा यांसारख्या नद्या दर पावसाळ्यात आपला प्रवाह थोडाबहुत बदलतात. पूर ओसरला की मागे वाळूचे व गाळाचे उघडे पट्टे उरतात. बिहारात त्यांना दियारा, बंगालमध्ये चर आणि आसामात चापोरी म्हणतात. या ओल्या, उघड्या, उन्हाने तापणाऱ्या जमिनीवर काशाचा उडता दाणा येऊन पडतो आणि रुजतो. अन्य वनस्पती तेथे पाय रोवण्यापूर्वीच त्याची मूलक्षोडे वाळूत जाळे विणतात. पुढच्या पुरात वरून गाळाचा थर बसला, तरी त्यातून नवे धुमारे वर येतात. अशा रीतीने सैल वाळू बांधली जाते, तीवर माती साठते आणि काही वर्षांनी खैर, शिसू यांसारखी झाडे तेथे उगवू लागतात. झाडांची सावली पडू लागली की काश मागे हटतो, कारण सावली त्यास सोसत नाही. नदीने घडवलेली जमीन अरण्याच्या स्वाधीन करून तो पुढच्या नव्या वाळूकडे वळतो, असे म्हणण्यास हरकत नाही.

या वर्णनावरून काशाला काय हवे असते ते स्पष्ट होते: भरपूर ऊन, मोकळी जमीन आणि प्रतिस्पर्ध्यांचा अभाव. या तीन गोष्टी जेथे मिळतील तेथे तो वाढतो. समुद्रसपाटीपासून हिमालयाच्या पायथ्याच्या डोंगरांपर्यंत, वाळूपासून चिकण काळ्या मातीपर्यंत त्यास कोणतीच जमीन वर्ज्य नाही. लोहमार्गाचे भराव, विटभट्ट्यांचे खड्डे, कालव्यांचे काठ, तोडलेली जंगले ही सर्व माणसाने नकळत त्याच्यासाठी निर्माण केलेली कृत्रिम नदीपात्रेच होत.

आसामातील काझीरंगा आणि मानस येथील उंच गवताच्या प्रदेशांत काश हा प्रमुख घटक आहे. कोवळ्या काशावर गेंडा चरतो. मानसच्या गवतात पिग्मी हॉग हे जगातील सर्वांत लहान रानडुक्कर राहते. ते नामशेष झाले असे समजले जात असता १९७१ मध्ये आसामात पुन्हा आढळले. बंगाली तणमोर हा अतिशय दुर्मीळ झालेला पक्षीही अशाच गवताळ प्रदेशात घरटे करतो. तेव्हा नदीकाठचा काश म्हणजे ओसाड जमिनीवरचे निरुपयोगी गवत, असा समज करून घेऊन तो सरसकट साफ करणे योग्य नव्हे. तेथे तो तण नसतो. तेथला तो मूळ रहिवासी असतो.

शेतात शिरलेला काश

बुंदेलखंडात मात्र गोष्ट निराळी घडली. झांशी, हमीरपूर, बांदा, सागर या भागांतील काळी जमीन गव्हासाठी व हरभऱ्यासाठी उत्तम. परंतु लागोपाठ दुष्काळ पडले, बैल मेले, माणसे देशोधडीस लागली, की नांगर थांबत असे. जमीन दोन-तीन वर्षे पडीक राहिली की तीवर काश उतरे. एकोणिसाव्या शतकातील गॅझेटिअरांत या भागातील काशाचे उल्लेख वारंवार येतात. त्याची मुळे सहा-सात फूट खोल जातात, एकदा जम बसला की ते हटवता येत नाही आणि दहा-पंधरा वर्षांनी ते आपोआप क्षीण होऊन जमीन मोकळी होते, असे त्यांत नमूद आहे. दहा-पंधरा वर्षे वाट पाहणे सरकारी दफ्तरात लिहिण्यास सोपे आहे. ज्या कुटुंबाची उपजीविका त्याच जमिनीवर होती, त्याने तोपर्यंत काय करावे?

शेतकरी स्वस्थ बसले नाहीत, पण त्यांचा लाकडी नांगर हाच काशाचा साहाय्यक ठरला. तो जमीन चार-सहा इंचच उकरतो. त्यामुळे वरची मूलक्षोडे तुटून त्यांचे तुकडे शेतभर पसरतात आणि ओल मिळताच डोळा असलेला प्रत्येक तुकडा स्वतंत्र रोप होतो. (महाराष्ट्रातील काळ्या रानात कुंदा व हरळी यांच्याशी झगडलेल्या शेतकऱ्यास हा अनुभव नवा वाटणार नाही. – अनु.) त्यापेक्षा बांध घालण्याची जुनी पद्धत अधिक गुणकारी होती. शेताभोवती मातीचा बांध घालून पावसाळाभर पाणी साठवीत आणि रब्बीच्या आधी ते सोडून देत. नदीच्या वाळूतून पुराचे पाणी लवकर निथळते, म्हणून काश पुरात तगतो; परंतु काळ्या चिकणमातीत महिनोन्‌महिने पाणी साचून राहिले की हवा तुटते आणि मूलक्षोडे कुजतात. ज्याला बांध घालण्याइतके बळ होते त्याची जमीन वाचली. ज्याला नव्हते त्याची गेली.

स्वातंत्र्यानंतर अन्नधान्याची टंचाई तीव्र असताना सरकारने या प्रश्नास हात घातला. युद्धानंतर उरलेले ट्रॅक्टर घेऊन केंद्रीय ट्रॅक्टर संघटनेने काशग्रस्त जमिनी मोडण्यास आरंभ केला. सप्टेंबर १९४९ मध्ये जागतिक बँकेने भारतास १ कोटी डॉलरचे कर्ज शेतीच्या यंत्रसामग्रीसाठी मंजूर केले. मध्य भारतातील काशाने व्यापलेल्या जमिनी साफ करणे हा त्या कर्जाचा मुख्य हेतू होता. जागतिक बँकेने भारतास दिलेल्या कर्जांत ते दुसरे; त्याच्या आधीचे, त्याच वर्षीचे, रेल्वेसाठी होते. एका गवताच्या निर्मूलनासाठी राष्ट्राने परदेशातून कर्ज काढावे, यावरून त्या संकटाचे स्वरूप ध्यानात येईल.

उपायामागील तत्त्व सोपे होते. मुळे कितीही खोल गेली, तरी धुमारे मुळांपासून फुटत नाहीत. ते मूलक्षोडावरील डोळ्यांपासून फुटतात आणि मूलक्षोडांचा मोठा भाग जमिनीच्या वरच्या थरात असतो. तो थर भर उन्हाळ्यात अवजड नांगराने उलटा केला, तर मूलक्षोडे कडक उन्हात वाळून मरतात. येथे दोन अटी होत्या. नांगरट पुरेशी खोल हवी आणि ती कोरड्या दिवसांतच व्हायला हवी. पाऊस लागल्यावर तेच काम केले, तर नांगर काशाची लागवडच करून ठेवतो. तिसरी अट यंत्राच्या हातातील नव्हती: मोकळी झालेली जमीन दरसाल कसली गेली पाहिजे. ती पुन्हा पडीक राहिली, तर आजूबाजूच्या ओढ्यांच्या काठावरून दाणे उडून येण्यास वेळ लागत नाही.

उसाचा रानटी भाऊबंद

शेतकऱ्याचा हा शत्रू दुसऱ्या एका शेतात मात्र त्याचा मोठा उपकारकर्ता ठरला. उष्ण प्रदेशातील जाड, गोड, रसाळ ऊस रोगांना व थंडीला सहज बळी पडतो. काशात साखर नाममात्र. पण काटकपणा, रोगप्रतिकार आणि कापल्यावर पुन्हा जोमाने फुटण्याची शक्ती त्याच्यापाशी आहे. १९१२ मध्ये कोइमतूर येथे ऊस पैदास केंद्र स्थापन झाले. तेथे सी. ए. बार्बर आणि टी. एस. वेंकटरामन यांनी वेल्लाई नावाच्या जाड उसाचा स्थानिक काशाशी संकर केला. त्यातून निघालेला ‘को २०५’ हा वाण १९१८ मध्ये पंजाबात लागवडीस दिला गेला. ऊस आणि काश यांच्या संकरातून निघून प्रत्यक्ष शेतात पसरलेला तो पहिला भारतीय वाण होय. जावा बेटातही त्याच सुमारास हा मार्ग अनुसरला गेला आणि १९२१ मध्ये ‘पीओजे २८७८’ हा विख्यात वाण तयार झाला.

१९३० नंतरच्या दशकात ई. के. जानकी अम्माळ यांनी कोइमतूर येथे काशाच्या व उसाच्या गुणसूत्रांचा अभ्यास केला. काशाच्या निरनिराळ्या वाणांत गुणसूत्रांची संख्या ४० पासून १२८ पर्यंत आढळते. एकाच जातीत इतकी विविधता क्वचित दिसते. वाळवंटाच्या कडेपासून दलदलीच्या काठापर्यंत हे गवत कसे तगते, याचे काही प्रमाणात उत्तर या विविधतेत आहे. आज जगभर लागवडीत असलेल्या उसाच्या गुणसूत्रांचा दहा ते वीस टक्के भाग काशाकडून आलेला आहे. महाराष्ट्रात फार मोठ्या क्षेत्रावर घेतला जाणारा ‘को ८६०३२’ हा वाणही याच कोइमतूर परंपरेतील आहे. ज्या गवतामुळे बुंदेलखंडातील एक कुटुंब उठून गेले, त्याचाच अंश कोल्हापूर-सांगलीकडील उसाच्या फडात उभा असतो.

सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’ या १९५५ च्या चित्रपटात दोन भावंडे फुललेल्या काशातून धावत आगगाडी पाहण्यास जातात, तो प्रसंग अनेकांच्या स्मरणात असेल. त्याचे चित्रण १९५२ च्या शरदात सुरू झाले. पहिल्या दिवशी अर्धे काम झाले आणि काही दिवसांनी मंडळी परत तेथे गेली तेव्हा काश नाहीसा झाला होता. गुरांनी तो खाऊन टाकला होता. रायांना पुढच्या शरदापर्यंत थांबावे लागले. पण पुढच्या शरदात त्याच जागी काश पुन्हा फुलला. वरून सारे नाहीसे झाले तरी खाली सारे शिल्लक असते, हे या गवताचे मर्म त्या प्रसंगात आले आहे.

माणसाने हे गवत त्याच्या मायभूमीबाहेर नेले तेव्हा काय होते, याचे उदाहरण पनामात पाहावयास मिळते. तेथील कालव्याच्या परिसरात ते पसरले असून दरवर्षी पेटणाऱ्या वणव्यांमुळे त्याचे फावते. आगीत रोपटी जळतात, मूलक्षोडे मात्र सुरक्षित राहतात आणि तोडलेले अरण्य पुन्हा उभे राहू शकत नाही. मात्र झाडे लावून सावली निर्माण केली, की तेथेही ते मागे हटते. देश बदलला तरी गवताचा स्वभाव बदललेला नाही.

तात्पर्य, काश दिसला की प्रथम तो काशच आहे याची खात्री करून घ्यावी: बारीक दांडा, तळाशी मधल्या शिरेपुरते उरलेले पान, तुऱ्याखालचे रेशमी केस आणि मोकळा, शुभ्र तुरा. मग तो कोठे उभा आहे ते पाहावे. नदीच्या वाळूत असेल तर त्यास त्याचे काम करू द्यावे. ओढ्याकाठी असेल तर त्याची पाने छपरासाठी व दांडे कुडासाठी उपयोगी पडतील. आणि शेताच्या बांधावर त्याचा पहिलाच ठोंब दिसला असेल, तर तो फुलण्याची वाट न पाहता येत्या उन्हाळ्यातच मूलक्षोडासह खणून उन्हात टाकावा. एक ठोंब काढण्यास एका माणसाची एक सकाळ लागते. भरलेले शेत मोकळे करण्यास एका पिढीचे आयुष्य लागल्याची उदाहरणे आहेत.